हवेचा इमला

डिसेंबर-जानेवारी हे शाळांतून स्नेहसंमेलनांचे आणि आनंदमेळ्यांचे दिवस. भेळेचा गाळा, रिंग टाकून साबणाची वडी जिंकण्याचा गाळा, लिंबू-चमचा या जुन्या मंडळींच्या जोडीला अलीकडे एक नवा पाहुणा मैदानावर दिसू लागला आहे. रंगीबेरंगी रेक्झिनसारख्या कापडाचे, हवेने फुगवलेले, बाजूला पंखा घरघरत असलेले ते घर आपण सर्वांनी पाहिले आहे. जत्रेत त्याला 'मिकी माऊस' म्हणतात, मग त्यावर चित्र हत्तीचे असो की वाघाचे. वाढदिवसाच्या मंडपात त्याचे 'जंपिंग' होते. इंग्लंडमध्ये त्याला 'बाउन्सी कॅसल', म्हणजे उड्या मारण्याचा किल्ला, असे नाव आहे. या लेखापुरते आम्हीही त्याला किल्लाच म्हणू.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका शाळेच्या मेळ्यात आम्ही हा किल्ला जरा जवळून पाहिला. त्याचे दोन दोर बॅडमिंटनच्या खांबाला बांधले होते, तिसरा बाकाच्या पायाला, आणि चौथा एका विटेखाली दाबून ठेवला होता. किल्लेवाल्याला विचारले तर तो म्हणाला, "साहेब, पोरं आत असली की त्यांच्याच वजनानं दबून राहतंय." शेजारी उभ्या असलेल्या बाई हसून म्हणाल्या, "अहो, हवेचंच तर आहे. त्यात कुणाला काय लागणार?"

दोन्ही उत्तरे ऐकायला रास्त वाटतात. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत या खेळण्याशी संबंध आलेल्या बहुतेकांनी, अगदी ते बनवणाऱ्यांनीही, कधी ना कधी हीच उत्तरे दिलेली आहेत. ती कुठे चुकतात हे अनुभवातून, आणि काही वेळा फार मोठी किंमत देऊन, कळत गेले.

हवेच्या दाबावर उभ्या राहणाऱ्या बांधकामाची कल्पना खेळातून आलेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत रडारच्या अँटेनांना वारा-बर्फापासून वाचवायला छत हवे होते. धातूचे छत चालत नव्हते, कारण ते रडारच्या लहरी अडवते. वॉल्टर बर्ड या अभियंत्याने १९४८ च्या सुमारास कापडाचा एक प्रचंड घुमट केवळ आतल्या हवेच्या दाबावर उभा करून दाखवला. खांब नाही, तुळई नाही. एक पंखा आत हवा ढकलत राहतो आणि घुमट उभा राहतो. पुढे पोहण्याचे तलाव, गोदामे आणि टेनिसची मैदाने झाकण्यासाठी ही युक्ती वापरली जाऊ लागली.

लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट या गावी जॉन स्कर्लॉक नावाचे एक यांत्रिकी अभियंता टेनिसच्या मैदानावर घालायच्या अशाच फुगीर आच्छादनांवर काम करत होते. साल १९५८. त्यांच्या लक्षात आले की आच्छादन फुगत असताना आपले कामगार काम सोडून त्यावर उड्या मारतात आणि भलतेच खूश दिसतात. दुसऱ्या एखाद्या मालकाने त्यांना रागावून कामाला लावले असते. स्कर्लॉक यांनी त्या उड्यांचेच खेळणे केले. त्याचे नाव 'स्पेस पिलो', म्हणजे अंतराळातील उशी. त्या काळी जे ते अंतराळातले असे. ही उशी म्हणजे नुसती एक मोठी हवेची गादी होती, तिला भिंती नव्हत्या.

ही गादी मुलांचा भार कसा पेलते ते थोडे पाहू, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. किल्ल्यातील हवेचा दाब बाहेरच्या वातावरणापेक्षा जेमतेम एक टक्का जास्त असतो. सायकलच्या ट्यूबमध्ये याच्या कितीतरी पट दाब असतो. पण एक टक्का म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो. मूल गादीवर उतरते तेव्हा त्याचे पाय आत रुततात, गादीचा जास्त जास्त भाग त्याच्या भाराखाली येतो आणि तेवढ्या क्षेत्रफळावरचा दाब त्याला तोलून धरतो. शिवणीतून हवा सतत निसटत असते आणि पंखा ती सतत भरत असतो. म्हणजे किल्ला हा तोंड बांधलेला फुगा नव्हे. भोक असलेल्या हौदात नळ सोडून पाणी एका पातळीला राखावे तसा तो राखलेला असतो. नळ बंद झाला की हौद रिकामा. वीज गेली की किल्ला मिनिटा-दोन मिनिटांत खाली बसतो आणि आतली मुले कापडाखाली सापडतात. भारनियमन पाहिलेल्या वाचकांना याहून जास्त सांगायला नको.

याच स्कर्लॉक यांनी आणखी एक वस्तू बनवली, आणि आमच्या मते ती किल्ल्याहून मोठी आहे. जळत्या इमारतीतून उडी घेणाऱ्या माणसाला झेलण्यासाठी अग्निशमन दलाने खाली पसरायची हवेची गादी. एकाच माणसाच्या हातून एक गादी जीव वाचवण्यासाठी आणि दुसरी खेळण्यासाठी तयार झाली. दिसायला दोघी बहिणी, पण वागणुकीत एक मूलभूत फरक आहे. बचावाच्या गादीला हवा बाहेर सोडणारी भोके असतात. माणूस पडला की हवा त्यातून फुसकन निघून जाते, पडण्याची ऊर्जा हवेबरोबर जाते आणि माणूस गादीत रुतून राहतो. तो पुन्हा वर उडाला तर गादीचा उपयोगच काय! खेळाच्या गादीचे काम बरोबर उलटे आहे. दिलेली ऊर्जा तिने जास्तीत जास्त परत करायची असते. शिवाय बचावाच्या गादीवर एका वेळी एकच माणूस उतरतो. तो बाजूला झाल्याशिवाय दुसऱ्याला उडी मारू देत नाहीत.

हाच प्रवास त्याआधी एकदा घडून गेला होता. अमेरिकेतच जॉर्ज निसन नावाच्या तरुण कसरतपटूने सर्कशीत झोक्यावरचे कलाकार खेळ संपवून खालच्या जाळीत उडी घेतात आणि उसळून वर येतात हे पाहिले होते. त्यावरून १९३० च्या दशकात त्याने आपल्या शिक्षकाच्या साथीने ट्रॅम्पोलिन बनवले. जाळी होती पडणाऱ्याला झेलण्यासाठी, तिचे झाले उडण्याचे साधन. ट्रॅम्पोलिन अमेरिकेतल्या शाळाशाळांत पोचले, पाठोपाठ मानेच्या आणि मणक्याच्या दुखापती पोचल्या. १९७७ साली तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने शाळा-महाविद्यालयांच्या शारीरिक शिक्षणातून ट्रॅम्पोलिन काढून टाकावे अशी शिफारस केली. हवेची गादी ट्रॅम्पोलिनपेक्षा मऊ, तिला स्प्रिंगा नाहीत, लोखंडी चौकट नाही, ती जमिनीपासून फार उंचही नाही. त्यामुळे ती सुरक्षित असणार असे सर्वांनी गृहीत धरले.

पहिला धोका उघड होता. भिंती नसलेल्या गादीवरून मुले खाली पडत. १९६७ साली स्कर्लॉक यांच्या कंपनीने गादीवर फुगीर छत चढवले. आता मूल बाहेर पडणे शक्य नव्हते, पण दोन पंखे लागू लागले आणि उन्हाळ्यात आत रोपवाटिकेच्या काचघरासारखी भट्टी होऊ लागली. १९७४ मध्ये त्यावर तोड निघाली. चार कोपऱ्यांत हवेचे खांब आणि मधल्या बाजूंना जाळी. वारा आरपार जातो, बाहेरच्या मोठ्यांना आतली मुले दिसतात. आज आपण जो किल्ला पाहतो त्याचा मूळ नमुना हाच. उन्हाचा प्रश्न मात्र पुरता सुटलेला नाही. जॉर्जिया विद्यापीठातील संशोधकांनी जुलै महिन्यात एका किल्ल्याच्या आत आणि बाहेर तापमापक लावून पाहिले. आतली हवा बाहेरच्यापेक्षा सरासरी सुमारे २ अंश सेल्सिअसने जास्त गरम निघाली. त्या हवेत मूल उभे नसते, सारखे उड्या मारत असते, हेही लक्षात घ्यावे लागते.

मुले बाहेर पडायची थांबली म्हणजे दुखापती थांबल्या का? याचे उत्तर मिळायला बरीच वर्षे गेली, कारण कोणी मोजतच नव्हते. अमेरिकेत रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतून, कोणत्या वस्तूमुळे इजा झाली याची नोंद ठेवण्याची पद्धत आहे. ओहायो राज्यातील कोलंबस येथील मुलांच्या एका रुग्णालयातील संशोधकांनी १९९० ते २०१० या काळातील या नोंदी चाळल्या आणि २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकवीस वर्षांत फुगवलेल्या खेळण्यांमुळे जखमी होऊन आलेल्या मुलांची अंदाजे संख्या ६४,६५७ निघाली. १९९५ ते २०१० या पंधरा वर्षांत तर हे प्रमाण पंधरा पट झाले होते. २०१० साली रोज सरासरी ३१ मुले, म्हणजे सुमारे दर ४६ मिनिटांना एक. जखमांपैकी २७ टक्क्यांहून थोडी जास्त हाडे मोडल्याची प्रकरणे होती, आणि साधारण तेवढीच मुरगळल्या-लचकल्याची.

हे आकडे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. यातल्या शंभरांपैकी तीन-चार मुलांनाच रुग्णालयात ठेवून घ्यावे लागले, आणि पंधरा वर्षांत अशा किल्ल्यांची संख्याही खूप वाढली असणार. पण 'हवेचंच तर आहे' या वाक्याला त्यांनी कायमचा धक्का दिला. इतकी हाडे मोडली कशावर?

काही हाडे गादीवरच, वेडेवाकडे पडल्याने. काही दुसऱ्या मुलाच्या हाडांवर आपटून. किल्ल्यात मऊ असते ती गादी. शेजारच्या मुलाचे डोके, कोपर आणि टाच काही मऊ नसतात. शिवाय दोन मुलांच्या वजनात फरक असला की गादीचे परत ऊर्जा देण्याचे काम बिघडते. चाळीस किलोचा सातवीतला मुलगा गादीवर आदळतो, त्याच्याखालची हवा दबून बाजूला सरकते आणि शेजारचा भाग वर उचलला जातो. नेमका तेव्हाच अठरा किलोचे पहिलीतले मूल तिथे उतरत असेल तर खाली येणाऱ्या मुलाला वर येणारी गादी भेटते. मोठ्याची ऊर्जा धाकट्याला मिळते आणि ते ज्या उंचीवर कधी स्वतःहून गेले नसते तिथे भिरकावले जाते. ट्रॅम्पोलिनच्या बाबतीत हे नीट तपासले गेले आहे. तिथे सुमारे तीन-चतुर्थांश दुखापती एकाहून जास्त जण एकाच वेळी उडत असताना होतात, आणि सोबतच्या जड मुलाच्या मानाने हलक्या मुलाला इजा होण्याची शक्यता चौदा पटींपर्यंत जाते. वर्गात हे दाखवायचे तर एक सोपा प्रयोग आहे. फुटबॉलवर टेनिसचा चेंडू ठेवून दोन्ही एकदम खाली सोडा. टेनिसचा चेंडू किती उंच उडतो ते पाहून मुले स्वतःच बोलू लागतात. (हा प्रयोग मैदानावर करावा. आमच्या एका स्नेह्यांनी वर्गात केला आणि ट्यूबलाईट गेली.)

या प्रश्नावर इंग्लंडच्या न्यायालयात एक मोठा खल झाला. २००५ साली एका वाढदिवसाला एका कुटुंबाने दोन खेळणी भाड्याने आणली होती, एक किल्ला आणि दुसरे रबरी दोर कमरेला बांधून पळण्याचे. यजमान बाई दुसऱ्या खेळण्यावरच्या मुलाला मदत करायला वळल्या. तेवढ्या वेळात किल्ल्यात एका पंधरा वर्षांच्या मुलाने कोलांटी मारली, त्याची टाच अकरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर बसली आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. मे २००८ मध्ये उच्च न्यायालयाने बाईंना जबाबदार धरले. दोनच महिन्यांनी अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. वाढदिवसाच्या खेळात पालकाने एक क्षणही नजर हलवू नये अशी अपेक्षा कायदा ठेवू शकत नाही, असे त्या न्यायालयाचे म्हणणे पडले. आम्हाला हा दुसरा निकाल पटतो. पण त्यातून निघणारी गोष्ट शिक्षकांना जड जाईल अशी आहे. एका बाईंनी कितीही डोळे ताणले तरी टाच डोक्यावर बसायला लागणारा वेळ त्यांच्या हाक मारण्याहून कमी असतो. त्यामुळे मुले आत सोडतानाच उंचीप्रमाणे वाटून सोडायची आणि मोजकीच सोडायची, हा उपाय नजर ठेवण्याच्या आधी येतो. नजर लागतेच, पण ती कोलांट्या थांबवायला.

आतापर्यंतच्या इजा नेहमीच्या, बहुतेक बऱ्या होणाऱ्या. आता वाऱ्याकडे वळू.

गादीवरून मूल पडू नये म्हणून भिंती आल्या, आणि भिंतींनी गादीचे शीड केले. ज्या गादीवरून वारा सरळ निघून जात असे तिला आता दोन-तीन मीटर उंचीची छाती आली. जाळी असली तरी खांब, कमान, वरचा वाघाचा जबडा हे सगळे वाऱ्यापुढे उभे असते. वाऱ्याचा जोर किती? ४ मीटर लांब आणि ३ मीटर उंच अशी बाजू घ्या. ताशी ३८ किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला सुमारे ६७ न्यूटन दाब देतो. बारा चौरस मीटरला सुमारे ८०० न्यूटन, म्हणजे ८० किलो वजनाइतका आडवा रेटा. सगळा किल्लाच साधारण १०० किलोचा. इथवर बरे वाटते. पण हा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट, ८० चे ३२० किलो. आणि वाऱ्याकडची कड एकदा का जमिनीवरून सुटली की किल्ल्याचे बूडही वाऱ्यापुढे येते. चार बाय चारचे बूड म्हणजे सोळा चौरस मीटरचे आणखी एक शीड. म्हणून असे किल्ले हळूहळू सरकत नाहीत. पाहणारे नेहमी हेच सांगतात की क्षणात उचलला गेला.

'पोरांच्या वजनानं दबून राहतंय' या म्हणण्यातली चूकही इथेच आहे. उड्या मारणाऱ्या मुलांपैकी काही कोणत्याही क्षणी हवेत असतात, त्यांचे वजन त्या क्षणी किल्ल्यावर नसते. आणि दुपारी गर्दी ओसरल्यावर आत दोनच मुले उरतात तेव्हा किल्ला सर्वांत हलका झालेला असतो.

शीड हा शब्द आम्ही उगाच वापरला नाही. वाऱ्याचा जोर ओळखण्याची जी बोफर्ट श्रेणी आपण भूगोलात शिकवतो ती फ्रान्सिस बोफर्ट या आरमारी अधिकाऱ्याने १८०५ च्या सुमारास मांडली, आणि तिचा मूळ आधार जहाजाला किती शिडे झेपतील हाच होता. १९०६ मध्ये जॉर्ज सिम्पसन यांनी तिला जमिनीवरच्या खुणा जोडल्या, पाने हलतात, पताका ताठ होतात, झाडे डुलतात अशा. युरोपने २००६ साली फुगवलेल्या खेळण्यांसाठी जे मानक केले त्यात वापरण्याची मर्यादा याच श्रेणीतली ठेवली आहे. पाचवी पायरी, ताशी ३८ किलोमीटर. त्याहून जास्त वारा असेल तर मुले बाहेर काढून किल्ला खाली बसवायचा. पाचव्या पायरीची जमिनीवरची खूण म्हणजे पाने असलेली लहान झाडे डोलू लागणे. शंभर वर्षे जहाजांनी शिडे कधी उतरवावी हे सांगणारी मोजपट्टी आता एका खेळण्याचे शीड कधी उतरवावे ते सांगते.

त्याच मानकात बांधणीचाही हिशेब आहे. कमीत कमी सहा दोर, आणि प्रत्येक दोराने १६०० न्यूटनचा ओढा सोसला पाहिजे. मातीत ठोकायची लोखंडी खुंटी १६ मिलिमीटर जाड आणि ३८० मिलिमीटर, म्हणजे सव्वा फूट, लांब. फरशीवर किंवा डांबरावर खुंटी ठोकता येत नाही, तिथे प्रत्येक दोराला सुमारे १६३ किलो वजन बांधायचे. सहा दोरांचे मिळून जवळपास एक टन. विटेखाली दाबलेला दोर आठवा!

हे मानक ज्या वर्षी आले त्याच वर्षी, जुलै २००६ मध्ये, उत्तर इंग्लंडमधील चेस्टर-ल-स्ट्रीट येथे एक दुर्घटना झाली. मॉरिस एजिस या कलावंताची 'ड्रीमस्पेस' नावाची फुगीर कलाकृती तिथे बागेत मांडली होती. अर्ध्या फुटबॉल मैदानाएवढी, आत रंगीत प्रकाशाचे बोगदे, लोक चपला काढून त्यातून हिंडत. वाऱ्याने ती माणसांसकट उचलली गेली. दोन स्त्रिया मरण पावल्या, अनेक जण जखमी झाले. एजिस यांना सुरक्षिततेचा कायदा मोडल्याबद्दल दंड झाला. ती खेळणे नव्हती, कला होती, पण वाऱ्याला त्याचे काय? मार्च २०१६ मध्ये इंग्लंडमधीलच हार्लो येथे ईस्टरच्या जत्रेत सात वर्षांची मुलगी आत असताना किल्ला उडाला, उतारावरून सुमारे तीनशे मीटर गडगडत गेला आणि ती मुलगी दगावली. किल्ला नीट बांधला नव्हता आणि हवामानाकडे लक्ष ठेवले नव्हते, असे ठरून जत्रेतील दोघांना २०१८ साली तीन-तीन वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी २०२२ मध्ये स्पेनमधील मिसलाता येथे दोन मुली अशाच गेल्या.

जॉर्जिया विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञ जॉन नॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० ते २०२१ या काळातील जगभरच्या बातम्या शोधून वाऱ्याने किल्ले उडाल्याच्या १३२ घटना जमवल्या. त्यांत किमान २८ मृत्यू आणि ४७९ जखमी. बातमीत आले तेवढेच यात आले. पण त्यांच्या यादीतली आम्हाला अस्वस्थ करणारी गोष्ट निराळी आहे. सगळ्या घटना वादळातल्या नाहीत. काही अगदी निरभ्र, प्रसन्न दिवशी घडल्या.

१६ डिसेंबर २०२१ हा असाच दिवस होता. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर डेव्हनपोर्ट येथे हिलक्रेस्ट प्राथमिक शाळेत वर्षअखेरचा खेळाचा दिवस होता. तिकडे डिसेंबर म्हणजे उन्हाळा, शाळेचे वर्ष संपायचे दिवस. सकाळी दहाच्या सुमारास अचानक आलेल्या वाऱ्याने किल्ला उचलला. मुले सुमारे दहा मीटर उंचीवरून खाली पडली. पाचवी-सहावीच्या वर्गातली सहा मुले गेली.

तो वारा म्हणजे वावटळ होती. आपल्या भाषेत या गोष्टीला नेमका शब्द आहे आणि खेड्यातल्या प्रत्येक मुलाने ती पाहिलेली असते. निरभ्र आकाश, फारसा वारा नाही, उघडी जमीन तापलेली. जमिनीलगतची हवा तापून एखाद्या जागी वर झेपावते, तिची जागा घ्यायला चोहोकडून हवा धावते आणि धावता धावता फिरू लागते. जसजशी ती आत ओढली जाते तसतशी तिची गिरकी वाढते. ढग नाही, गडगडाट नाही, आदल्या मिनिटापर्यंत वाऱ्याचे मापक काहीच दाखवत नाही. आणि वावटळ आडवी ढकलते तशी वर ओढतेही.

किल्ल्याच्या चालकावर कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेच्या कायद्याखाली खटला चालला. आठ जागी बांधायच्या किल्ल्याला चारच खुंट्या मारल्या होत्या, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते. जून २०२५ मध्ये न्यायाधीशांनी चालकाला निर्दोष ठरवले. ती वावटळ आधी ओळखता येण्याजोगी नव्हती, आणि सगळ्या खुंट्या असत्या तर दुर्घटना टळली असती असे सिद्ध झाले नाही, हे त्यांचे कारण. सहा मुलांच्या आईवडिलांनी हा निकाल कसा ऐकला असेल याची कल्पना करवत नाही. यावरून खुंट्या निरुपयोगी आहेत असा अर्थ कोणी काढला तर ती मोठी चूक होईल. हार्लोच्या वाऱ्याला खुंट्यांचे उत्तर होते. वावटळीचे उत्तर जागा आणि वेळ यांत शोधावे लागते. तापलेल्या उघड्या मैदानाच्या मध्यावर, भर उन्हात, किल्ला मुळात उभारायचाच का, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. आपल्याकडची कितीतरी शाळांची मैदाने म्हणजे गवत नसलेली तांबडी-काळी माती. आणि जत्रांचा मोसम म्हणजे चैत्र-वैशाख. दुपारी वावटळी, संध्याकाळी वळवाच्या पावसाआधी सुटणारा सोसाट्याचा वारा.

त्या शाळेत आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. 'हवेचंच तर आहे' म्हणणाऱ्या बाईंनीच या वेळी पुढाकार घेतला होता. नववीच्या मुलांनी १६३ किलोचा हिशेब फळ्यावर मांडला आणि वीस लिटरचे किती डबे लागतील ते काढले. एका दोराला आठ डबे भरूनही तीन किलो कमी पडत होते. शेवटी गावातून दोनशे लिटरची सहा पिंपे आणून पाण्याने भरली. किल्लेवाला हसत होता, पण पिंपे लावायला त्यानेच मदत केली आणि दोर पिंपाच्या तळाशी कसे आवळायचे ते त्यानेच दाखवले. किल्ला दोन इमारतींच्या आडोशाला, सकाळच्या सावलीत उभा केला. व्हरांड्याच्या खांबावर खडूची रेघ ओढून मुलांच्या दोन तुकड्या पाडल्या, रेघेखालची आधी, रेघेवरची नंतर, एका वेळी सहा. पंख्याच्या बटणाजवळ एक शिपाईमामा बसले होते. फाटकाजवळच्या कडुनिंबाकडे आणि पताकांकडे पाहायला शिट्टी घेतलेली एक मुलगी बसवली होती.

साडेअकराच्या सुमारास पताका ताठ झाल्या आणि कडुनिंब डोलू लागला. तिने शिट्टी वाजवली. मुले बाहेर आली, पंखा बंद झाला, वाघाचा जबडा हळूहळू खाली वाकला. बाहेर रांगेत उभी असलेली मुले भयंकर चिडली. दहा मिनिटांत वारा पडला, पण ऊन मैदानावर चढले होते, म्हणून बाईंनी किल्ला पुन्हा फुगवू दिला नाही. राहिलेल्या मुलांना त्यांनी भेळेची कुपने दिली.